आठच्या खालचे फोन

माझ्या मुलाला, भास्करला तिसरी मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं माघात होतं. अंगणात बायका पाळण्याभोवती गाणी म्हणत होत्या आणि माझ्या भावाची लेक रोशनी ओट्यावर चादर अंथरून फोन मांडत बसली होती. नागपूरहून येताना तिनं बाळासाठी खुळखुळा आणला होता आणि एका पिशवीत सहा-सात फोन. एक मोठा, एक छोटा, एकाची काच फुटलेली.

"फोनचं दुकान टाकून रायली का वं पोरी?" गिरजानं विचारलं.

"नाही मावशी. वाघाचं काम आहे."

"वाघाले फोन देतेस का आता?"

बायका गाणं सोडून हसल्या. रोशनीही हसली. गिरजा गुरनुले माझी शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कोटगावात आलो आणि दोघींचे नवरे आगेमागे गेले. तिचा मुलगा दर हिवाळ्यात बायकोला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जायचा, तेव्हा ती एकटीच असायची. जेवायला माझ्याकडे, भांडायलाही माझ्याकडेच.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला चिकटलेलं. मोह पडायला लागला की पहाटेच टोपल्या घेऊन बाया झाडांखाली जातात. फुलं वेचायची म्हणजे वाकून, उकिडवं बसूनच वेचावी लागतात. बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मागच्या मोहात शेजारच्या गावातली एक बाई अशीच गेली होती. रोशनीची कंपनी त्यासाठी फोनमध्ये घालायचं काहीतरी करत होती. वनरक्षकांना वाघ जिथे दिसेल तिथे ते नकाशावर खूण टाकणार. आपला पाय त्या बाजूला वळला की आपला फोन ओरडणार, 'मागे फिरा, मागे फिरा.' नाव ठेवलं होतं 'सावध'.

मला हे सगळं रोशनीनंच समजावलं. ती चौथी-पाचवीत असताना शाळेसाठी माझ्याकडे राहायची. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि मला एक अक्षर येत नव्हतं. ती तिच्या पाटीवर काढून द्यायची आणि मी चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर काडीनं गिरवायचे. भाकर करपली की म्हणायची, "आत्या, आज 'ळ' फार महाग पडला." माझी मास्तरीण ती. मी पोथी वाचायला लागले तेव्हा गावाला नवल वाटलं होतं आणि मला अजून वाटतं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर लाखोळीची भाजी निवडत होते. रोशनी लॅपटॉप उघडून तिच्या सरांशी बोलत होती. आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं.

"सर, पाचपासून घेऊ या ना," रोशनी म्हणाली.

"पाच आता कोण वापरतं, रोशनी? आठपासून घेतलं तर मोहाच्या आत गावात देता येतं. पाचपर्यंत खाली उतरायचं म्हणजे नकाशाचं सगळं वेगळं लिहा, प्रत्येक जुन्या फोनवर वेगळं तपासा. तोवर मोह संपेल."

"पण इथे तसे फोन आहेत, सर."

"किती?"

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या आत्याकडे आहे."

पलीकडे बरेच जण असावेत. हसण्याचा आवाज आला. एक पोरगा म्हणाला, "मग ॲपचं नावच 'आत्या' ठेवू." दुसरा म्हणाला, "आत्यासाठी शंभर गावं थांबवा."

"बास करा रे," सर म्हणाले, पण तेही हसत होते. "रोशनी, उद्या मी येतोय सभेला. सगळ्यांचे फोन बघू, मग ठरवू."

रोशनीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. लहानपणी मास्तरनं उभं केलं की असेच व्हायचे. तिनं लॅपटॉप मिटला.

"काय पाच आणि काय आठ?" मी विचारलं.

"इयत्ता समज, आत्या. फोनच्या आत एक चालवणारा असतो, तो दर वर्षी वरच्या वर्गात जातो. जुना फोन मात्र जिथल्या तिथेच राहतो. तुझा पाचवीत आहे. भास्करदादाचा अकरावीत. आम्ही ठरवायचं की कितवीपासून पुढच्यांना वर्गात घ्यायचं. त्याच्या खालच्यांना दाराशीच सांगायचं, तुम्हाला नाही जमणार."

"मंग माझ्यानं तुमचं काम अडलं म्हण."

"तुझ्यानं कुठे? उगाच काही बोलू नको."

मी भाजी निवडत राहिले. माझा फोन म्हणजे भास्करनं टाकून दिलेला. त्याचं झाकण बसत नव्हतं, म्हणून मी त्याला रबर लावून ठेवलं होतं. लुगड्याच्या कडेला खोचलेल्या बटव्यात तो असायचा. रानात अंधारात वाट बघायला त्याचा टॉर्च आणि एकमेकींना हाक द्यायला फोन, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे बहुतेक बायांचं असंच होतं. चांगला फोन तो घरचा फोन, तो बाप्यामाणसाबरोबर बाहेर जातो. जुना झाला की बाईकडे येतो आणि बाईबरोबर रानात जातो. हे कुणी ठरवलेलं नाही. चांगली साडी नेसून कुणी मोह वेचायला जात नाही, तसंच.

सभेच्या सकाळी मी भास्करला म्हटलं, "आज तुझा फोन मले ठेव. बारशाचे फोटो दाखवायचे आहेत बायांना." त्याच्या भाताच्या गिरणीला सुट्टी होती. त्यानं दिला. फोटो दाखवायचे आहेत, असंच मीही स्वतःला सांगितलं.

समाजमंदिर भरलं होतं. पुढे पुरुष, मागे आम्ही. रोशनीचे सोनकुसरे सर गाडीनं आले होते. उंच, हसऱ्या तोंडाचा माणूस, सगळ्यांना 'काका', 'मावशी' म्हणत होता. कालचं हसणं याचं होतं, हे मी आवाजावरून ओळखलं. रोशनी उभी राहून म्हणाली, "प्रत्येक घरातून एकानं पुढे यायचं आणि आपला फोन दाखवायचा. मी त्याचा नंबर बघते."

एकेक पुरुष पुढे गेला. नऊ, दहा, अकरा, दहा. कुणाचा आठ. सर मान डोलवत होते.

"आता बायकांपैकी?" रोशनीनं मागे पाहिलं.

कुणी हललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वाचता येणारी म्हातारी मी एकटीच होते आणि सभा माझ्या भाचीची होती. मी उठले की मग बाकीच्या उठतात, हे आमचं नेहमीचं.

पुढून नामदेव म्हणाला, "अनसाबाई, तुमची ती रबर बांधलेली वीट काढा बाहेर! ॲप कशाले पायजे? वाघाच्या टाळक्यात हाणा, तिथंच गार होते."

सभा हसली. सरही हसले. हसता हसता त्यांनी रोशनीकडे पाहिलं, 'हीच का ती आत्या' अशा नजरेनं. रोशनीचे कान मला मागूनही दिसले.

मी उठले. बटव्यातून भास्करचा फोन काढला. पुढे गेले आणि रोशनीनं इतरांच्या फोनमध्ये जे-जे दाबलं होतं ते-ते दाबत गेले, आणि मोठ्यानं वाचलं, "आवृत्ती. अकरा."

टाळ्या पडल्या. "वा, आजी! वा!" सर उठून टाळ्या वाजवत होते. नामदेव म्हणाला, "घ्या! बाईनं आपल्याले मागं टाकलं." रोशनी माझ्याकडे बघतच राहिली आणि मग असं हसली, की मला पाटी आठवली.

मग बायका भराभर उठल्या. कुणी नवऱ्याच्या हातातला घेतला, कुणी मुलाच्या. सगळ्यांचे आठच्या वर. घरचे फोन होते ते, पण त्या गर्दीत रोशनीच्या ते लक्षात आलं नाही.

मी माघारी येऊन बसले, तेव्हा गिरजाचा हात तिच्या पिशवीत होता. तिच्या घरचा फोन मिरचीवर गेला होता. तिच्याकडे जुना तेवढाच. तिनं तो अर्धा वर काढला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करायला मान वळवली. परत पाहिलं तेव्हा तिचा हात रिकामा होता आणि मांडीवर होता.

संध्याकाळी रोशनीनं विचारलं, "आत्या, तुझा जुना कुठे गेला?"

"विहिरीत पडला. पाणी काढताना."

"बरंच झालं म्हणायचं. आणि मी खुळ्यासारखी तुझ्यासाठी सरांशी भांडत होते." तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "सगळ्यांकडे आठच्या वर आहेत. आठच ठरलं."

जुना फोन पिठाच्या डब्यामागे होता.

होळीला 'सावध' आलं. घरोघर पोरं फोनमध्ये घालून द्यायला लागली. मोहही पडायला लागला होता. गिरजा माझ्याकडे आली. "अनसे, हे काय लिहून येते, वाच बरं. घालून देणारं पोरगं म्हणते होत नाही."

मी वाचलं. 'हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही.'

"चालणार नाही म्हणते."

"मंग रोशनीले सांग ना. तुझं ऐकते ते."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना वं! तोवर माझ्यासंगं चाल. माझा वाजला का तुले सांगन. दोघी संगंच तर असतो."

गिरजानं मान हलवली. "बरं."

मी रोशनीला त्या दिवशी फोन लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काय सांगणार होते? गिरजाचा फोन जुना आहे म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, सभेत का नाही दाखवला? आणखी कुणाकुणाचे आहेत? ती गावात आली असती, आणि बायांच्या पिशव्या उघडल्या असत्या.

आणि सकाळी भास्कर त्याचा फोन घेऊन गिरणीत जायचा. मी पिठाच्या डब्यामागचा फोन काढून बटव्यात घालायचे आणि गिरजाला हाक मारायचे.

वाटेत ती विचारायची, "वाजला नाही ना वं?"

"नाही."

"मंग बरं हाये."

असं रोज चाललं. मोहाची झाडं आमच्याकडे घरोघर वाटलेली असतात. ज्याचं झाड त्याचं, दुसरा फूल उचलत नाही. माझं झाड नाल्याच्या अलीकडे. गिरजाचं पलीकडे, थोडं आत. मी आधी माझं वेचायचे, ती पुढे जायची. मध्ये हाका मारायच्या, गाणं म्हणायचं, म्हणजे एकमेकींचा ठाव राहतो.

त्या सकाळी उजाडलं होतं. फुलं भरपूर होती, पिवळा सडा पडला होता. गिरजा पलीकडून तिच्या सुनेची तक्रार सांगत होती, मोठमोठ्यानं. अचानक नाल्याच्या वरच्या अंगाला वांदरं खाकरायला लागली, वाघ दिसला की खाकरतात तशी. मी उभी राहिले.

"गिरजे! मागं ये वं!"

"आली! एवढी मूठ उचलतो."

"टाक ते! ये म्हणतो ना!"

तिचं उत्तर आलं नाही. जे आलं ते मी लिहीत नाही. मी टोपली वाजवत, ओरडत नाल्यात उतरले. आजूबाजूच्या झाडांखालच्या बायाही ओरडत आल्या. वाघानं तिला सोडलं आणि तो झुडपात गेला. तिचा खांदा आणि मान लाल झाली होती. ती शुद्धीत होती. तिनं माझा पदर धरला, तो ट्रॅक्टरमध्ये घालेपर्यंत सोडला नाही.

मागाहून कळलं, वनरक्षकानं आदल्या संध्याकाळीच नाल्याची खूण टाकली होती. उपसरपंचाच्या सुनेनं घरचा नवा फोन आणला होता. तो नाल्याजवळच्या वाटेवर ओरडला आणि ती टोपली घेऊन घरी परतली होती. तिला वाटलं, अनसाबाईकडे तर फोन आहेच.

गिरजाला चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं. तिचा मुलगा तेलंगणातून निघाला होता. तो येईपर्यंत मी खाटेशेजारी बसले होते. डॉक्टरांनी जखमा शिवल्या होत्या, आठवडाभर बघू म्हणाले होते. दुपारी रोशनी आली. नागपूरहून निघाली ती थेट. केस विस्कटलेले, हातात लॅपटॉपची पिशवी.

तिनं गिरजाच्या पायांना हात लावला. मग माझ्याकडे वळली. "आत्या, खूण तर टाकलेली होती. तुझा फोन ओरडायला हवा होता. वाजला नाही का? कुठे चुकलं आमचं? सकाळपासून सगळे तेच शोधतोय."

मी तोंड उघडलं.

"वाजला ना," गिरजा खाटेवरून म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. तिला मान वळवता येत नव्हती. ती छताकडे बघत बोलत होती. "वाजला. म्हणून तर हिनं हाक मारली. दोनदा मारली. मीच बसून रायली, एक मूठ अजून म्हणून. लालूच, दुसरं काय!"

रोशनीनं श्वास सोडला. "म्हणजे बरोबर चाललं." आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "मावशी, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"समजलं मले. जा, सांग तुझ्या सरले. पाणी पी आधी, तोंड तं पाह्य कसं झालं तुझं."

रोशनी व्हरांड्यात गेली. काचेतून ती फोनवर बोलताना दिसत होती. मी गिरजाच्या उशाशी बसले.

"गिरजे, काऊन असं सांगितलं?"

"मंग काय सांगू?"

"तो वाजला नाही. माझ्यापाशी..."

"तुझ्यापाशी जुनाच व्हता. माहीत हाये."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. टॉर्च लावताना तू त्याले टिचकी मारतेस. दोनदा मारल्याशिवाय लागत नाही तो. भास्करच्या फोनले कोणी टिचक्या मारते का?" ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली.

"मंग आलीस कशाले माझ्यासंगं?"

"मोहाले तर जायचंच व्हतं ना वं. तू नसती तर एकटीच गेली असती. दोघी असलं का बरं वाटते."

"विचारायचीस रोज, वाजला का म्हणून."

"वाटलं, आज तरी सांगशील." ती छताकडेच बघत होती. "जाऊ दे. सभेत किती टाळ्या पडल्या तुले. पोरगी किती खूश झाली. ते मोडून मले काय भेटलं असतं?"

नर्स येऊन सलाईन बघून गेली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं. रोशनी आत आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा हलका झाला होता.

"सरांना सांगितलं. ते म्हणाले, निदान यंत्रणा चालली. आता याच महिन्यात चाळीस गावांत द्यायचंय. आठवरच. मला येताना सारखं वाटत होतं, आठ ठेवून चूक केली का आपण."

गिरजानं डोळे मिटून घेतले. तिची बोटं माझ्या मनगटावर होती, ती तिनं आवळली. गप्प बस, असं.

मी मनगट सोडवलं. बटवा काढला. फोनला तिचं रक्त लागलेलं वाळून काळं झालं होतं, रबर तसंच होतं. मी तो रोशनीच्या हातात दिला.

ती बघत राहिली. आधी फोनकडे, मग माझ्याकडे.

"हा तर विहिरीत..."

"नाही पडला."

"मग दादाचा?"

"दादाचा दादापाशी असते. गिरणीत. रानात हाच येते. सगळ्या बायांचा असाच. तुले घरचे दाखवले आम्ही."

"मावशीचा?"

"तिचाही. ती काढत होती त्या दिवशी. मी पाहिलं नाही असं केलं."

गिरजा डोळे मिटूनच म्हणाली, "काऊन सांगितलंस वं? मी सांभाळलं व्हतं ना सगळं."

रोशनी ओरडेल असं मला वाटलं. तिनं ओरडावं असंही वाटलं. तिनं फोन दोन्ही हातांत धरला. माझा 'ळ' चुकायचा तेव्हा ती पाटी पुसून पुन्हा काढून द्यायची, एकदाही रागावली नव्हती. आत्ताही नाही रागावली.

"आत्या," ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

एवढंच. मग खाली बसून तिनं तिथल्या तिथे सरांना फोन लावला. आठ नाही, पाच, असं म्हणाली. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. "नाही सर, एकट्या आत्यासाठी नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाठ करून तिनं माझं सगळं सांगितलं, सभेपासून. मी तिथेच बसून ऐकलं. नाव घेताना तिनं 'आत्या' म्हटलं नाही, 'त्या' म्हणाली.

चाळीस गावांचं थांबवलं. रोशनी गावोगाव फिरली आणि बायांना सांगितलं, घरचा नको, रानातला फोन दाखवा. पिशव्यांतून, बटव्यांतून निघाले. ती माझ्याकडे उतरली नाही, शाळेत राहिली. मी डबा पाठवला तो तिनं घेतला, धुऊन परत पाठवला. पाचपासूनचं 'सावध' ज्येष्ठात आलं, मोह कधीच संपला होता.

त्याच्या आधीच गिरजाच्या मानेची जखम चिघळली होती. मुलगा आणि सून दोघं पोहोचले होते. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी, चंद्रपूरच्या दवाखान्यात, गिरजा गुरनुले वारली.